गाडीमागे काय लावायचं?

मागच्या दिवाळीत आमच्या घरी एक मोठी घटना घडली. बाबांनी गाडी घेतली! नवी नाही, सेकंडहँड, पण बोलेरो. एमएच ३५ पासिंग, रंग पांढरा, सीट कव्हरवर आधीच्या मालकाच्या मुलाने बॉलपेनने काढलेलं विमान. आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, आजीने बॉनेटला हळद-कुंकू लावलं, आणि नारळ फुटायच्या आतच घरात वाद सुरू झाला. विषय, गाडीमागे काय लावायचं?

आता तुम्ही म्हणाल, यात वाद कसला? तर ऐका. आम्हा चार मित्रांना सायकलचं वेड आहे. थंडीत परसवाडा, झिलमिलीच्या तलावांवर सारस आणि पाहुणे पक्षी बघायचे, कधी नवेगावबांधच्या बाजूच्या गावरस्त्यांवर भटकायचं, असा आमचा रविवारचा धंदा. अडचण एकच. गोंदियातून बाहेर पडताना ट्रकच्या गर्दीतून सायकल काढणं म्हणजे व्हायव्हाला न वाचता जाण्यासारखं आहे. म्हणून आमचं म्हणणं, गाडीला सायकलचा रॅक लावा. गाडीने शांत रस्त्यापर्यंत जाऊ, तिथून पुढे पायडल मारू.

बाबांचं म्हणणं वेगळं. आमची सडक अर्जुनी तालुक्यात थोडी शेती आहे. धानाचे दहा-बारा कट्टे राइस मिलला न्यायचे तर दर वेळी कोणाचा तरी ट्रॅक्टर मागावा लागतो. तेव्हा त्यांचा हिशोब असा, की गाडीला मागे हुक बसवून घ्यायचा आणि एक लहानशी ट्रॉली करून घ्यायची. हुकावरच सायकलचा रॅकही बसेल. एका दगडात दोन पक्षी!

झालं. बाबा आणि मी वेल्डिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वाकून गाडीखाली पाहिलं, चॅसीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "होऊन जाते ना भाऊ! संध्याकाळपर्यंत लावून देतो. चॅनल आहे पडलेला."

मी विचारलं, "किती वजन ओढेल?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपले सर 'मॅक्सिमम मार्क्स किती मिळतील' विचारणाऱ्याकडे बघतात. म्हणाला, "तुमची गाडी ओढेल तेवढं!"

हे उत्तर ऐकून बाबा खूश झाले आणि मी घाबरलो. का घाबरलो ते पुढे सांगतो. पण त्या संध्याकाळी आम्ही हुक न लावता परत आलो, आणि पुढचे पंधरा दिवस मी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची वही घेऊन बसलो. परीक्षा नसताना! आईला वाटलं पोराला ताप आलाय.

त्या पंधरा दिवसांत जे कळलं ते मांडतो. कारण हल्ली लहान एसयूव्ही घराघरात आल्यात. बोलेरो, थार आहेत, ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू आहेत. आणि गाडी आली की मागे-पुढे काहीतरी लावायची हुक्की येतेच.

आधी रॅकबद्दल. सायकल गाडीवर न्यायच्या सर्वसाधारण चार पद्धती आहेत. छतावर, डिक्कीच्या दाराला पट्ट्यांनी बांधून, मागच्या स्टेपनीवर, आणि हुकावर.

पट्ट्यांचा रॅक सगळ्यात स्वस्त. पण त्याचा सगळा भार दाराच्या पत्र्यावर आणि काचेच्या कडेवर येतो. हॅचबॅकवर एखादी हलकी सायकल ठीक आहे. आपल्या रस्त्यांवर मात्र या पट्ट्या दर अर्ध्या तासाने सैल होतात, रंग घासतो, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मागे बसलेला मित्र सायकलचं हँडल धरून ठेवतो. हा रॅक नव्हे, ही कसरत झाली.

स्टेपनीचा रॅक बोलेरोवाल्यांना लगेच आवडतो, कारण स्टेपनी मागेच टांगलेली असते. पण जरा विचार करा. ती स्टेपनी आधीच २० किलोच्या वर आहे आणि ती दाराच्या बिजागऱ्यांवर लटकलेली आहे. त्यावर रॅक आणि दोन सायकली, म्हणजे आणखी ४० किलो, तेही दारापासून बाहेर. बिजागरी काही दिवस सहन करते. मग दार खाली बसतं, लॅच जुळत नाही, आणि आपण म्हणतो 'जुनी गाडी आहे, आवाज करणारच'. गाडी जुनी नाही रे बाबा, मोमेंट जास्त आहे!

हुकावरचा रॅक सगळ्यात देखणा. परदेशात तोच जास्त चालतो. १९४२ साली स्थापन झालेल्या थुले या स्वीडिश कंपनीसारख्या कंपन्या खास रॅक बनवतात. अमेरिकेत गाडीखाली सव्वा इंच किंवा दोन इंचांचा चौकोनी रिसीव्हर बसवतात, त्यात रॅक सरकवायचा, आडवी पिन घालायची, झालं. फोटोत फार छान दिसतं. आता त्याचं गणित करू.

दोन गिअरच्या सायकली, प्रत्येकी १६ किलो. रॅक ८ किलो. एकूण ४० किलो. हे वजन हुकापासून साधारण ६० सें.मी. मागे धरलं तर हुकाच्या मुळाशी मोमेंट येते सुमारे २३५ न्यूटन-मीटर. ही गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटल्यावर तिप्पट धरा, म्हणजे ७०० च्या वर. आणि हे एकदा नाही, गोंदिया ते कोहमारा जाताना शेकडो वेळा. याला फटीग म्हणतात, आणि तो थर्ड इयरला पास झाल्याने संपत नाही.

दुसरी गोष्ट. बोलेरोचा व्हीलबेस आहे २६८० मि.मी. ते ४० किलो मागच्या ॲक्सलच्या दीड मीटर मागे असतील, तर मागच्या ॲक्सलवर ४० नव्हे, ६२ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरून २२ किलो कमी होतात. सी-सॉ आपण सगळे खेळलोय, तोच प्रकार. ४० किलोला हे फार नाही. पण मागे तीन मित्र, त्यांच्या बॅगा आणि सायकली असं सगळं एकाच बाजूला जमलं, की स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट झाडावरची माकडं शोधू लागतात.

तिसरी गोष्ट नंबर प्लेटची. मागचा रॅक प्लेट आणि टेललाइट झाकतो. युरोपात रॅकवर वेगळी प्लेट आणि दिव्यांचा वेगळा बोर्ड लावतात. आपल्याकडची नवी एचएसआरपी प्लेट स्नॅप लॉकने ठोकलेली असते. ती काढून रॅकवर लावता येत नाही, कारण ती निघू नये म्हणूनच तशी बनवली आहे. शिवाय गाडीच्या मागे बाहेर निघालेल्या मालाला केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दंड आहे २०,००० रुपये. तेवढ्यात एक बरी सायकल येते. कोणी पोलीस रविवारी सकाळी तलावावर उभा नसतो हे मलाही ठाऊक आहे. पण टेललाइट झाकलेली गाडी संध्याकाळी परतताना मागच्या ट्रकवाल्याला दिसत नाही, हे दंडापेक्षा वाईट.

राहिलं छत. छताचे तोटे आहेतच. सायकल वर चढवायला दोघं लागतात. ॲव्हरेज थोडं कमी होतं. गुरुत्वमध्य वर जातो. पण किती? गाडी १६०० किलोची आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सें.मी.वर धरा. ५० किलोचा कॅरिअर आणि सायकली २.३ मीटर उंचीवर ठेवल्या, तर गुरुत्वमध्य वर सरकतो साधारण पाच सें.मी. म्हणजे वळणावर जपून चालवावं लागेल, पण गाडी उलटेल अशी भीती नको. छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये जुन्या पीयूसीखाली सापडेल. लहान गाड्यांत हा आकडा बहुधा ५० ते ७५ किलोच्या आसपास असतो आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं, हे लक्षात ठेवा. आणखी एक, काही नव्या गाड्यांच्या छतावरचे रेल नुसते शोभेचे असतात! त्यांना हलवून नका पाहू, पुस्तकात वाचा.

छताचा खरा धोका वेगळाच आहे. विसरणं! बोलेरो साधारण १.९ मीटर उंच, वर उभी सायकल, म्हणजे तीन मीटरच्या घरात. रेल्वेच्या अंडरब्रिजआधीचा लोखंडी हाइट गेज, आणि त्याहून जास्त आपल्याच घराचा पोर्च, हे दोन शत्रू. उपाय सोपा आहे. सायकली वर असल्या की डॅशबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवायची, 'डोक्यावर सायकल आहे'. हसू नका. विमानाच्या सेन्सरवरची झाकणं विसरू नयेत म्हणून त्यांना लाल फिती लावतात, तिथे तर पायलट असतात.

खरं पाहिलं तर छत हे आपल्या भागाला नवीन नाही. एसटीच्या टपावर सायकल चढवून गावी गेलेले लोक आपल्याच घरात आहेत. काळीपिवळीच्या टपावर कोंबड्यांचे खुराडे, खाट, सायकल, नवरीचं कपाट, सगळं गेलंय. त्या काळ्या ॲटलस सायकली तर २० किलोच्या पुढच्या होत्या. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, तोही जागतिक सायकल दिनाच्या दिवशी! पण त्या सायकली अजून आमच्या गावात चालतात.

असो. रॅकचा निकाल लागला. छत. आता हुकाकडे येतो.

हुक ओढतो म्हणजे नेमकं काय करतो? गाडी आणि ट्रेलर दोघंही आपापल्या वजनाने एकमेकांना धक्के देतात. युरोपच्या नियमांत यासाठी 'डी व्हॅल्यू' नावाचा आकडा आहे. दोन्ही वजनांचा गुणाकार भागिले दोन्ही वजनांची बेरीज, गुणिले जी. भरलेली गाडी २.२ टन आणि भरलेली ट्रॉली ०.६ टन धरा. उत्तर येतं साधारण ४.६ किलोन्यूटन. म्हणजे जवळजवळ ४७० किलोचा जोर, कधी पुढे, कधी मागे, हा हुक सहन करणारा हवा. तिकडे प्रत्येक हुकावर हा आकडा कोरलेला असतो. आमच्या वेल्डिंगच्या दुकानातल्या 'पडलेल्या चॅनल'वर काय कोरलं होतं? आधीच्या कारखान्याचा रंग!

मग येतं नाकाचं वजन. ट्रेलरचं तोंड हुकावर किती दाबतं ते. अमेरिकेतला ठोकताळा ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. ६०० किलोच्या ट्रॉलीला ६० ते ९० किलो. म्हणजे एक खातापिता माणूस सतत बंपरवर बसलाय. यापेक्षा कमी ठेवलं, म्हणजे कट्टे ट्रॉलीच्या मागच्या भागात भरले, तर ट्रॉली वेगात शेपटी हलवू लागते. एकदा हलायला लागली की ब्रेक मारून ती थांबत नाही, उलट वाढते. ट्रॅक्टरचा वेग कमी म्हणून तिथे हे दिसत नाही. गाडी ६०-७० ने पळते, तिथे दिसतं.

आणि हुक लावायचा कुठे? बोलेरो, थार, स्कॉर्पिओ या चॅसीच्या गाड्या, म्हणजे खाली शिडीसारखी फ्रेम. त्यांना निदान धरायला काहीतरी आहे. पण त्यांच्याही फ्रेमच्या वरच्या-खालच्या फ्लँजवर भोक पाडायचं किंवा वेल्डिंग करायचं नसतं. बेंडिंग स्ट्रेस सर्वात जास्त तिथेच असतो, न्यूट्रल ॲक्सिसपासून सर्वात लांब. हा प्रश्न आपल्याला परीक्षेत येतो, तेव्हा आपण बरोबर लिहितो! ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू या मोनोकॉक. त्यांना फ्रेमच नाही, शरीर हीच फ्रेम. तिथला पत्रा पातळ आणि जास्त ताकदीचा असतो. त्याला वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या शेजारचा भाग कमजोर होतो. शिवाय अपघातात कुठला भाग आधी चुरगळायचा हे कंपनीने ठरवून ठेवलेलं असतं. आपण तिथे चॅनल ठोकला की तो हिशोब बिघडला.

कायदाही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ गाडीत मनासारखा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच पक्कं केलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं. आणि ट्रेलर हे आपल्या कायद्यात वेगळं वाहन आहे, त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं. म्हणजे घरगुती ट्रॉली 'करून घेणं' हे कपाट करून घेण्यासारखं नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, हा फार पुस्तकी माणूस आहे. आमचे मित्रही हेच म्हणाले. "तू कायले एवढं टेन्शन घेतं बे? सगळ्या गावात ट्रॉल्या चालतात. काही होत नाही!"

आता मी का घाबरलो ते सांगतो.

मी नववीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी. धान निघालं होतं, ट्रॅक्टर रोज मिलला जात होता. एके दिवशी ट्रॉलीची पिन सापडेना. चांगली ३० मि.मी.ची जाड पिन, कोणीतरी काढून कुठेतरी ठेवली. मामा म्हणाला, "बेटा, गोठ्यात पाय बरं काही भेटते का." मी शोधलं आणि स्लॅबच्या कामातून उरलेला सळईचा तुकडा आणून दिला. १६ मि.मी.चा. मामाने तो भोकात घातला, खालून वाकवला आणि म्हणाला, "होऊन जाते!" मला केवढा अभिमान वाटला होता. पोराने काम केलं!

दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्पीडब्रेकरवर ती सळई वाकून निसटली. ट्रॉली नाक टेकून रस्त्यावर बसली. मामाला कळायच्या आत ट्रॅक्टर थोडा पुढे गेला. उतरून तो माघारी पळत येत होता, मी मडगार्डवरून उडी मारत होतो, आणि तेवढ्यात बाजारातून सायकलने येणारे शेजारच्या गावचे एक काका त्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर आदळले. ट्रॉलीला दिवा नव्हता. रिफ्लेक्टर नव्हता. धानाचा भुसा आणि धूळ, सगळी ट्रॉली मातीच्या रंगाची. दिसणार काय?

ते वाचले. मांडीचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली. मामाने खर्च केला, गावातली भांडणं गावात मिटली. काका आता लंगडत चालतात. सायकल त्यांनी पुन्हा कधी चालवली नाही. आम्ही भेटलो की ते माझी विचारपूस करतात, "इंजिनिअर झाला का जी?" असं विचारतात. त्यांना माहीत नाही की ती सळई मी आणून दिली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

फर्स्ट इयरनंतर कधीतरी मी वहीत ते गणित केलं. ३० च्या जागी १६ म्हणजे व्यास जवळजवळ निम्मा, पण क्षेत्रफळ साडेतीन पटीने कमी, आणि वाकण्याला होणारा विरोध साडेसहा पटीने कमी. वर सळई भोकात सैल. सैल म्हणजे भार हळूहळू येत नाही, धक्क्याने येतो. अचानक आलेल्या भाराने स्ट्रेस दुप्पट होतो, हे तर आपण पाठच करतो. धक्क्याने त्याहून जास्त. दोन दिवस ती टिकली हेच आश्चर्य. आणि तेच वाईट! पहिल्याच दिवशी तुटली असती तर अंगणात तुटली असती.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. 'होऊन जाते' हे आपल्या भागातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. हे वाक्य बोलणारा माणूस वाईट नसतो. मामा वाईट नव्हता, तो वेल्डिंगवाला भाऊही वाईट नाही. तो दिवसभर लोकांचे नांगर, गेट, सायकली जोडून देतो, त्याच्याशिवाय गाव चालणार नाही. पण तो जोड किती भार घेईल हे विचारायचं काम कोणाचं? ते आपलं. चार वर्षं फी भरून आपण हेच तर शिकतोय. आणि आपण काय करतो? फॉर्म्युला परीक्षेत लिहितो, आणि दुकानात गेल्यावर आपणही म्हणतो 'होऊन जाते ना'.

आणखी एक. आपण गाडीला हुक लावतो तो खरोखर ओढायला किती जण लावतात? गोंदियात फिरताना बघा. मागे चकचकीत गोळा लावलेल्या किती गाड्यांमागे तुम्ही ट्रेलर पाहिलाय? मी एकही पाहिला नाही. तो गोळा असतो पार्किंगमध्ये कोणी ठोकलं तर बंपर वाचावा म्हणून, किंवा नुसता रुबाब म्हणून. आणि मागून मोटरसायकलवाला आदळला तर तो धक्का बंपरने घ्यायचा, तो आता त्या पोराच्या गुडघ्याने घ्यायचा. बंपर वाचतो, गुडघा जातो. हा कुठला हिशोब?

याउलट जिथे खरंच रोज ओढलं जातं, तिथे आपलं लक्षच नाही. आपला जिल्हा धानाचा. दिवाळीनंतर खरेदी केंद्रांवर आणि राइस मिलसमोर ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या मोसमात एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. या महाराष्ट्रात 'ट्रेलर हिच' म्हणजे काय हे कोणाला बघायचं असेल तर त्याने इंटरनेटवर अमेरिकेतल्या गाड्या बघू नयेत, त्या रांगेत जाऊन वाकून बघावं. कुठे पिन आहे, कुठे बोल्ट आहे, कुठे सळई आहे. कुठे पिनला खालून क्लिप आहे, कुठे तार गुंडाळली आहे. मागे रिफ्लेक्टर किती जणांना आहे? नियम १०४ रिफ्लेक्टरचाच आहे, पण नियम अंधारात चमकत नाही, पट्टी चमकते.

आता बाबांचं काय झालं ते सांगतो. मी त्यांना डी व्हॅल्यू वगैरे काही सांगितलं नाही. मी फक्त विचारलं, "बाबा, वर्षातून ट्रॉली किती वेळा लागेल?" त्यांनी बोटं मोजली. तीनदा, फार तर चारदा. "मग चार फेऱ्यांसाठी हुक, ट्रॉली, तिचं रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, आणि उभी करायला जागा?" बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भाड्याचा छोटा हत्ती बोलावू." विषय संपला. कधीकधी इंजिनिअरिंगचं सगळ्यात चांगलं डिझाइन म्हणजे ती वस्तू न बनवणं.

आम्ही छताचा कॅरिअर लावला. साधा, कडेच्या पट्टीला चार बाजूंनी क्लॅम्प होणारा, वेल्डिंग नाही, भोक नाही, काढला की गाडी जशीच्या तशी. दोन सायकली वर, दोन चाकं काढून आत. आम्ही चार आणि मधे सायकली, थोडी अडचण होते, पण सारस दिसला की विसरायला होतं. डॅशबोर्डवर चिठ्ठी आहे. आईने तिच्या अक्षरात लिहून दिली आहे.

आणि हुकाचे जे पैसे वाचले त्यातून मी मामाच्या ट्रॉलीला नवी पिन घेतली. मापून, भोकात नीट बसणारी, साखळीने ट्रॉलीलाच बांधलेली, म्हणजे हरवणार नाही. खाली क्लिप. पिन निसटलीच तरी ट्रॉली सुटू नये म्हणून बाजूने एक जाड साखळी. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी, बाजूंना पिवळी. मामा म्हणाला, "लग्नाची वरात वाटते रे!" वाटू दे. दिसली पाहिजे.

शेवटी एक सूचना आहे, आणि त्यासाठीच हा सगळा उपद्व्याप. आपल्या मेकॅनिकल विभागाकडे व्हर्निअर आहेत, लेथ आहे, आणि वर्कशॉपमध्ये जॉब करून करून आपण जे नग भंगारात टाकतो ते एमएसचे रॉड आहेत. इलेक्ट्रिकलवाल्यांना दोन दिवे आणि वायरिंग जमतं. एनएसएसला दरवर्षी कार्यक्रम हवाच असतो. मग या मोसमात तीन दिवस एका खरेदी केंद्रावर जाऊ या का? भाषण नको, बॅनर नको. रांगेतली प्रत्येक ट्रॉली बघायची. पिन मापायची. सळई दिसली तर तिच्या जागी योग्य मापाची पिन द्यायची. मागे पट्टी चिकटवायची. रांगेत लोक तसेही तासन् तास बसलेले असतात, कोणाचा खोळंबा होणार नाही. पट्टीचा खर्च कँटीनमधल्या चहा-समोशातून निघेल. पिनचं मटेरियल आणि माप मात्र सरांकडून तपासून घ्यायचं, नाहीतर आपणही 'होऊन जाते'वालेच!

ज्यांना यायचं असेल त्यांनी फायनल इयर मेकॅनिकलच्या नोटिस बोर्डवर नाव लिहावं. पहिलं नाव माझं आहे.

आणि त्या तीन दिवसांच्या आधी मला एक काम करायचं आहे. शेजारच्या गावी जाऊन त्या काकांना सळईचं खरं काय ते सांगायचं आहे. त्या कामाला कुठला फॉर्म्युला लागत नाही, पण अजून धीर होत नाहीये. बघू.